पोसतो ना आपण त्याला, मग वाटा कशाला?

पोस्ट लांब आहे, आधीच सांगतो. पण ज्यांच्या घरात वाटणी, वारसनोंद, सातबारा असं काही चालू आहे त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचावी.

आपल्याकडं वाटणीला बसलं की एक वाक्य हमखास ऐकू येतं. एखाद्या घरात एक भाऊ डोळ्यांनी अधू असतो. दुसऱ्या घरातला एकजण लग्नाला तयार नसतो, किंवा साडी नेसून घराबाहेर पडलेला असतो. "त्याचं जरा वेगळंच आहे" एवढंच दबक्या आवाजात बोललं जातं. दोघांच्याही बाबतीत वडीलधारी मंडळी तेच म्हणतात, "त्याला काय करायचाय वाटा? ना बायको, ना पोरं. पोसतोय की आपण." मग दुय्यम निबंधकाच्या कचेरीत हक्कसोडपत्रावर सही नाहीतर अंगठा होतो आणि सातबाऱ्यावरून एक नाव कमी होतं.

बोलणाऱ्याला वाटतं हा आपल्या घरातला साधा व्यवहार. प्रत्यक्षात हा विचार दीड-दोन हजार वर्षं जुना आहे आणि अगदी अलीकडंपर्यंत तो कायदा होता. दिव्यांग माणूस हा एक विषय आणि समलिंगी किंवा तृतीयपंथी माणूस हा दुसरा, असं आपण धरून चालतो. जुन्या धर्मशास्त्रात मात्र हे सगळे एकाच यादीत होते. आज त्या यादीचा इतिहास सांगायचाय. ती यादी कायद्याच्या पुस्तकातून गेली, पण घरातून अजून गेलेली नाही.

*यादीत कोण कोण होतं?*

मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात वडिलोपार्जित मालमत्तेची वाटणी कशी करायची ते सांगितलंय. वाटा कुणाला द्यायचा नाही याची यादीही तिथंच आहे. क्लीब, पतित, जन्मांध, बहिरा, वेडा, मंदबुद्धीचा, मुका आणि ज्याचं एखादं इंद्रिय नाही असा माणूस. याज्ञवल्क्य स्मृतीतल्या यादीत पांगळा आणि बरा न होणारा रोगीही येतो. नियम दोन्हीकडं सारखाच: यांना हिस्सा नाही, पण अन्नवस्त्र द्यायचं. मनुस्मृती तर पुढं जाऊन म्हणते की जो त्यांना पोसणार नाही तो पापी.

यादीत सगळ्यात पहिला शब्द 'क्लीब' आहे. या शब्दाचं जाळं फार सैल होतं. मूल होऊ न शकणारा, स्त्रीकडं न जाणारा, पुरुषासारखा न वागणारा, जन्मतःच शरीर वेगळं असलेला, असे अनेकजण त्यात ओढले जायचे. आजचे समलिंगी, ट्रान्स, आंतरलिंगी हे शब्द त्यावर जसेच्या तसे बसवता येणार नाहीत. पण घराण्याला वारस देणारा पुरुष ज्याच्यात दिसत नाही त्याला आंधळ्या-बहिऱ्यांच्या ओळीत बसवलं, एवढं स्पष्ट आहे.

याज्ञवल्क्य स्मृतीवर विज्ञानेश्वरानं 'मिताक्षरा' ही टीका लिहिली. तो चालुक्य राजा सहाव्या विक्रमादित्याच्या दरबारातला, कल्याणीचा, म्हणजे आजच्या बिदर जिल्ह्यातल्या बसवकल्याणचा. काळ साधारण इ. स. ११०० च्या आसपासचा. महाराष्ट्रात वारसाहक्काच्या बाबतीत पुढं शेकडो वर्षं मिताक्षरेचा शब्द मोठा मानला गेला. त्यात यादीतल्या माणसाला परत आत यायला दोन दारं ठेवली होती. एक, औषधोपचारानं दोष गेला तर वाटा मिळेल. दोन, त्याला निर्दोष मुलगा असेल तर तो वाटा त्या मुलाला मिळेल.

ही दोन दारं ओळखीची वाटतायत ना? पोरगं अंध असो की मुलांमध्येच रमणारं असो, घरचे आजही आधी डॉक्टर, वैदू, बाबा, मांत्रिक फिरतात. तिथं गुण आला नाही की म्हणतात, "लग्न लावून द्या, सगळं ठीक होईल." मिताक्षरा कुणी वाचलेली नसते, तरी वागणं तिच्याबरहुकूम असतं.

महाभारत तर सगळ्यांनाच माहीत आहे. धृतराष्ट्र थोरला, पण अंध म्हणून गादी पांडूला गेली. आपण ही गोष्ट लहानपणापासून ऐकत आलोय आणि त्यात काही अन्याय झाला असं आपल्याला फारसं वाटतही नाही.

*इंग्रज आले, तपासणी आली*

मराठेशाहीत आपल्या दख्खनमध्ये काही हिजड्यांना गावांकडून दाणा-पैसा घेण्याचे हक्क होते, काहींकडं इनाम जमिनीही होत्या. हे सरकारमान्य होतं. इंग्रजी अंमल बसल्यावर एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मुंबई सरकारनं हे हक्क मोडीत काढायला सुरुवात केली.

भारतीय दंड संहिता १८६० ची. ती १८६२ पासून लागू झाली आणि तिच्यासोबत कलम ३७७ आलं. १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा झाला. आपल्याकडं विमुक्त-भटक्यांच्या चळवळीमुळं हा कायदा बऱ्याच जणांना माहीत आहे. पण त्याचा एक दुसरा भाग होता, त्याबद्दल कमी बोललं जातं. तो फक्त हिजड्यांसाठी होता आणि सुरुवातीला उत्तर भारतात लागू झाला. संशयितांची नावं आणि पत्ते रजिस्टरमध्ये लिहायचे. त्यांनी बायकांचे कपडे घालून चारचौघांत फिरायचं नाही, नाच-गाणं करायचं नाही. दत्तक घ्यायचं नाही, कुणाचं पालक व्हायचं नाही, बक्षीसपत्र करायचं नाही, मृत्युपत्रही करायचं नाही.

या कायद्यात हिजड्याची जी व्याख्या होती ती बघा. जो पुरुष स्वतः नपुंसक असल्याचं कबूल करतो, किंवा वैद्यकीय तपासणीत तसा स्पष्ट दिसतो, तो. म्हणजे कोण कसं जगतो, कुणावर जीव लावतो हा प्रश्न सरकारनं शरीरातल्या एका 'दोषा'वर आणून ठेवला आणि तो तपासायला डॉक्टर बसवला. यादी धर्मशास्त्रातून सरकारी रजिस्टरात आली, एवढाच फरक. १९११ च्या नव्या कायद्यात हा भाग राहिला नाही. पण शरीर तपासून माणसाचा हक्क ठरवायची सवय सरकारी कामकाजात मुरली.

दुसरीकडं दिवाणी न्यायालयांत वाटणीचे दावे चालूच होते. अंध भावाला हिस्सा द्यायचा की नाही? न्यायाधीश धर्मशास्त्राची भाषांतरं उघडून बघायचे आणि विचारायचे, अंधत्व जन्मापासूनचं आहे की नंतर आलेलं? जन्मापासूनचं असेल तर हिस्सा नाही. भावाभावांच्या भांडणात एखाद्याची नजर नेमकी कधी गेली यावर साक्षीपुरावे होत असत.

*१९२८ आणि १९५६*

१९२८ साली केंद्रीय कायदेमंडळानं एक छोटा कायदा केला. रोग, व्यंग किंवा शारीरिक-मानसिक दोष एवढ्याच कारणानं हिंदू माणसाला वारशातून वगळता येणार नाही, असं त्यात म्हटलं. अपवाद एकच ठेवला, जन्मापासून वेडा किंवा मतिमंद असलेल्याचा. पुढं १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं तोही काढून टाकला. त्याच्या २८ व्या कलमात साफ म्हटलंय की रोग, दोष किंवा व्यंग या कारणावरून कुणीही वारसाहक्काला अपात्र ठरणार नाही. हा कायदा हिंदूंबरोबर बौद्ध, जैन आणि शीख यांनाही लागू आहे.

म्हणजे यादी कायद्यानं संपून सत्तर वर्षं होत आली. आता मला सांगा, आपल्या तालुक्यात किती जणांना हे कलम माहीत आहे? मुलींच्या हिश्श्याचा २००५ चा बदल निदान कानावर तरी आहे, त्यावरून घराघरांत भांडणं झाली. कलम २८ वरून भांडण झाल्याचं फारसं ऐकायला येत नाही. ज्याचा हक्क आहे त्याला जेवणाचं ताट, औषधाची गोळी आणि संडासपर्यंतचा हात त्याच घरातून मिळत असतो. तो भांडणार कुणाशी?

*घराबाहेर पडले त्यांचं काय?*

१९५६ ला वाटा देणारा कायदा आला आणि तीनच वर्षांनी, १९५९ साली, मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायदा आला. त्यात भीक मागण्याची व्याख्या वाचण्यासारखी आहे. पैसे मिळावेत म्हणून जखम, व्रण, व्यंग किंवा रोग दाखवणं ही भीक. गाणं, नाचणं, भविष्य सांगणं, कला दाखवून पैसे घेणं हीही भीक. पोटापाण्याचं साधन न दिसता सार्वजनिक जागी भटकणं, तेही त्यातच. वॉरंटशिवाय पकडायचं. पहिल्यांदा सापडल्यास एक ते तीन वर्षं, पुनःपुन्हा सापडल्यास दहा वर्षांपर्यंत भिक्षेकरी गृहात ठेवायची तरतूद.

घरानं वाटा न देता बाहेर काढलेला अपंग माणूस आणि टाळी वाजवून पैसे मागणारा तृतीयपंथी, दोघं या एकाच कायद्यात सापडले. जुन्या यादीतली 'पोसा' ही अर्धी अट इथं सरकारनं स्वतःवर घेतली, आणि ती कोंडून ठेवून पाळली. हाच कायदा पुढं दिल्लीतही लागू केला होता. तिथल्या उच्च न्यायालयानं ऑगस्ट २०१८ मध्ये त्यातली भीक मागणं गुन्हा ठरवणारी कलमं घटनाबाह्य ठरवली.

आणखी एक यादी बघा. आपली संजय गांधी निराधार अनुदान योजना. लाभार्थ्यांत दिव्यांग आहेत, विधवा-परित्यक्ता आहेत, देवदासी आहेत, तृतीयपंथीही आहेत. योजना चांगली आहे, त्या पैशावर कित्येकांचं औषधपाणी चालतं, ती बंद व्हावी असं कुणी म्हणणार नाही. पण शब्द बघा, निराधार. ज्याचा बापाच्या जमिनीत कायदेशीर हिस्सा आहे तो निराधार झाला कसा, हे अर्ज घेणाऱ्या खिडकीवर कुणी विचारत नाही.

*हक्क आले, पण दोन रांगांनी*

गेल्या तीस वर्षांत कायदे बरेच सुधारले. १९९५ ला अपंगांसाठी पहिला मोठा कायदा झाला, त्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ते एकवीस झाले. दुसऱ्या बाजूला २०१४ साली सर्वोच्च न्यायालयानं नाल्सा निकालात तृतीयपंथीयांची स्वतंत्र ओळख मान्य केली. ६ सप्टेंबर २०१८ ला समलिंगी संबंध गुन्हा नाहीत असा निकाल आला. २०१९ ला तृतीयपंथीयांसाठी कायदा झाला. ऑक्टोबर २०२३ मध्ये मात्र समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला सर्वोच्च न्यायालयानं नकार दिला.

हे सगळं दोन वेगळ्या रांगांनी चाललं. दिव्यांग चळवळीनं रॅम्प, आरक्षण, प्रमाणपत्र, पेन्शन मागितलं. एलजीबीटी चळवळीनं ३७७, ओळख आणि विवाह यावर लढा दिला. दोन्ही लढे मोठेच. पण ज्याला दोन्ही रांगांत उभं राहायचंय त्याचं काय, हे बराच काळ कुणी विचारलं नाही. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार दिव्यांग मोजले गेले. लिंगाच्या रकान्यात 'इतर' म्हणून सुमारे ४१ हजार. दोन्हीत बसणारे किती, ते या आकड्यांवरून कळत नाही. समलिंगींसाठी तर रकानाच नव्हता.

२०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एका दलित अंध मुलीवरच्या अत्याचाराच्या खटल्यात हा मुद्दा मांडला. जात, लिंग, अपंगत्व ही ओझी सुटी सुटी मोजून चालत नाही, ती एकमेकांत गुंतून माणसावर येतात, असा त्या निकालाचा आशय होता. आपल्या विषयालाही तो तसाच लागू पडतो.

*रोजचं जगणं*

समजा, एक पंचविशीचा मुलगा आहे. डोळ्यांनी अंध आणि समलिंगी. एखाद्या डोळस मुलाला आपण सहज सांगतो, "घरी नाही पटत तर मुंबई-पुणे गाठ." यानं नवं शहर, नवे रस्ते, नवी माणसं कुणाच्या भरवशावर शिकायची? त्याचा मोबाईल स्क्रीनवरचा मजकूर मोठ्यानं वाचून दाखवतो. इअरफोन निसटला तर जोडीदाराचा मेसेज अख्ख्या घराला ऐकू जातो. बँकेचा फॉर्म भावजय भरून देते, दवाखान्यात काका आत येऊन बसतात. डॉक्टर त्याला काही विचारण्याऐवजी काकांनाच विचारतात.

समजा, कर्णबधिर मुलगी आहे आणि तिचं दुसऱ्या मुलीवर प्रेम आहे. तिच्या खाणाखुणांचा अर्थ बाहेरच्यांना सांगणारी तिची सख्खी आई आहे. मग हे ती कुणाला आणि कुणाच्या मार्फत सांगणार? समजा, व्हीलचेअरवरची ट्रान्स स्त्री आहे. एसटी स्टँडवर बायकांच्या स्वच्छतागृहात तिला हाकलतात आणि दिव्यांगांच्या स्वच्छतागृहाला बहुतेक वेळा कुलूप असतं.

दिव्यांगांचे वधू-वर मेळावे होतात, दिव्यांग-अव्यंग विवाहाला सरकार अनुदानही देतं. त्यामागची भावना चांगलीच आहे. पण दिव्यांग माणसाला जोडीदार हवा असतो हे मान्य करायलाच समाजाला इतकी वर्षं लागली, तिथं तो जोडीदार आपल्याच लिंगाचा हवा असेल हे कुणाच्या डोक्यातही येत नाही. आणि असा जोडीदार मिळालाच तर तो कायद्यानं वारस नाही.

सांभाळणारा आणि ठरवणारा एकच असला की काय होतं याचं उदाहरण आपल्याच राज्यात आहे. फेब्रुवारी १९९४ मध्ये पुण्याच्या ससून रुग्णालयात शिरूरच्या सरकारी वसतिगृहातल्या मतिमंद मुलींच्या गर्भाशयाच्या पिशव्या काढल्या गेल्या. पाळीच्या दिवसांत स्वच्छता राखणं अवघड जातं, हे कारण दिलं गेलं. त्यावर देशभर गदारोळ झाला. जो पोसतो तो शरीराचाही मालक, हा समज तिथं उघडा पडला.

२०१९ च्या तृतीयपंथी कायद्यात कुटुंबाच्या घरात राहायचा हक्क दिलाय, तो महत्त्वाचाच. पण वारशाबद्दल त्या कायद्यात काही नाही. उत्तर प्रदेशनं २०२० मध्ये आपल्या महसूल कायद्यात दुरुस्ती करून तृतीयपंथी वारसांना शेतजमिनीचा हक्क दिला. महाराष्ट्रानं हे करायला काय हरकत आहे, हा प्रश्न आपल्या आमदारांना विचारायला हवा.

*आता कामाच्या गोष्टी*

१. हक्कसोडपत्र सक्तीचं नसतं. "बाकीच्यांनी केलंय, तूही कर" म्हणून सही करू नका. अंध व्यक्तीनं कागद परक्या, भरवशाच्या माणसाकडून वाचून घ्यावा. फसवून किंवा दबाव टाकून घेतलेल्या सहीला दिवाणी न्यायालयात आव्हान देता येतं, पण त्याला मुदत असते, उशीर नको.

२. २०१६ च्या दिव्यांग कायद्याचं कलम १३ लक्षात ठेवा. मालमत्ता बाळगायचा, वारशानं मिळवायचा आणि स्वतःचे पैशाचे व्यवहार स्वतः बघायचा हक्क त्यात आहे. मदत करणाऱ्याचा स्वतःचा फायदा त्या व्यवहारात गुंतला असेल तर त्यानं त्या व्यवहारातून बाजूला व्हावं, असंही त्यात आहे. वाटणीत सांभाळणारा भाऊच हिस्सेदार असतो, म्हणून हे महत्त्वाचं.

३. दिव्यांग व्यक्तीला उत्पन्न कितीही असलं तरी सरकारी विधी सेवेतून मोफत वकील मिळू शकतो. तालुका न्यायालयात विधी सेवा समिती असते, तिथं अर्ज करायचा.

४. जोडीदार कायद्यानं वारस नसला तरी मृत्युपत्रानं त्याला आपला हिस्सा देता येतो. अंध, बहिरा किंवा मुका असल्यामुळं मृत्युपत्र करता येत नाही हा गैरसमज आहे. आपण काय करतोय हे त्या व्यक्तीला कळत असलं की पुरे. दोन साक्षीदार लागतात, ते हिस्सेदार नसलेले बरे.

५. मानसिक आजार असेल तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार आपला प्रतिनिधी साध्या कागदावर नेमता येतो. तो रक्ताचाच नातेवाईक पाहिजे अशी अट नाही. मित्र चालतो, जोडीदार चालतो.

घरात ज्यानं वर्षानुवर्षं दिव्यांग भावाचं केलं त्याचे कष्ट खोटे नाहीत. त्या वहिनीची कंबर मोडलेली असते, सरकारकडून मदत जवळपास शून्य असते, हे पत्रकार म्हणून आम्हाला दिसतं. त्या कष्टांचा मोबदला मागायचा तर तो सरकारकडं मागू या. भावाच्या सातबाऱ्यातून तो वळता करून घेणं बरोबर नाही.

या पोस्टवर कुणाचं नाव घेऊन, "अमक्याच्या घरात असंच आहे" अशा कमेंट कृपया नकोत. कुणाच्या आयुष्यातली खासगी गोष्ट गावभर होईल. ज्यांना काही विचारायचंय त्यांनी मेसेज करावा, नाव बाहेर जाणार नाही. आणि तुमच्या ओळखीत कुणी वकील, तलाठी, ग्रामसेवक, अंगणवाडी ताई असतील तर त्यांना ही पोस्ट जरूर पाठवा. कलम २८ लोकांपर्यंत न्यायला तेच जास्त उपयोगी पडतील.